पुसायची राहिलेली जागा

"मॅडम, ही कितीची आली हो?" असं मागून कुणीतरी विचारलं आणि ती वळली, तर भोंगा. ऑफिसात सगळे त्याला भोंगाच म्हणत, अगदी तोंडावर, आणि त्याला त्याचं उलट कौतुकच होतं. मशीनच्या खोलीत कन्सोलच्या पडद्यावर एखादा मेसेज उमटला की हा माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, हातातला कप खाली न ठेवता, तो खणखणीत वाचून दाखवायचा आणि वर पदरचं काहीतरी जोडायचा. "दोन नंबरच्या प्रिंटरचा कागद संपला! आहे का कुणी वाली?" काचेपलीकडे प्रोग्रॅम लिहीत बसलेल्या तिला पडद्याकडे बघायची कधी गरजच पडली नव्हती. तोच माणूस आता स्टॉपवर येणाऱ्या बसकडे बोट करून उभा होता. बसच्या कपाळावर वीतभर उंचीचा आकडा होता, पिवळ्यावर काळा, झोपेतल्या माणसालाही दिसावा असा. "मला एकोणीस दिसतेय," तो म्हणाला, "पण तुम्ही बघून सांगा." एकोणीसच होती. ती तसं म्हणाली. "नक्की ना?" त्यानं विचारलं, आणि ती नक्की म्हणाल्यावर सुटका झाल्यासारखा हसला. "ही माझी नव्हेच. माझी सव्वीस. पण येईल ती विचारून घेतो, सवयच लागलीय. बायको म्हणते, लोक वेडा समजतील. म्हटलं, समजू देत. भलत्या गाडीत बसण्यापेक्षा बरं."

काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं तब्येतीचं विचारलं, आणि ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला पुढचे कितीतरी दिवस वाटत राहिलं. "येत्या गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत होते, अजून अगदी कच्चा आहे, दोन-चार वर्षं हात लावायची गरज नाही, तक्त्यावरची अक्षरं तर तुम्ही धडाधड वाचताय. मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्या तक्त्याचं सोडा. ऐन कामाच्या वेळी मी एकाहत्तरचं सातशे चौदा वाचलंय, ते काय उगीच? मागेच लागलो त्यांच्या. शेवटी कंटाळून हो म्हणाले. उजवा आधी, मग डावा." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. गळकं छप्पर शेवटी दुरुस्त करून घेणाऱ्या माणसाचं समाधान होतं. सव्वीस नंबरची बस वळणावर दिसली तेव्हा त्यानं विचारायच्या आत तीच म्हणाली, "आली तुमची." तो चढला, दांडीला धरून वाकला आणि म्हणाला, "भेटलात, बरं वाटलं हं मॅडम." तिची बस मागोमागच आली. ती समोर येऊन थांबली आणि निघूनही गेली, तरी ती तिथेच उभी राहिली.

पडद्यावर सातशे चौदाच आलं होतं. हे ऑफिसात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो, ज्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि आता खोटं मानलं होतं, आणि दुसरी ती. ऑफिस शहरातल्या इस्पितळांचे रिपोर्ट सांभाळायचं. ते सगळे टेपवर, आणि टेपा कपाटांत नंबरवार. जुन्या झालेल्या टेपेचा नंबर तिचा प्रोग्रॅम कन्सोलवर सांगायचा, ऑपरेटर ती काढून पुसायला द्यायचा, कोरी झाली की ती पुन्हा कामाला. त्यासाठीचा मेसेज तिनंच लिहिला होता. आधी लिहून ठेवलेलं एक वाक्य, मधे एक मोकळी जागा, 'टेप अमुक रिकामी, पुसायला द्या', आणि अमुकच्या जागी ऐन वेळी आकडा आणून बसवायचा. असेंब्लरमध्ये, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत, हे हातानं करावं लागतं. अमक्या ठिकाणची इतकी अक्षरं उचल, तमक्या ठिकाणी ठेव, एवढंच मशीनला कळतं, कमी नाही की जास्त नाही. आणि नवा आकडा ठेवण्याआधी जागा पुसून घ्यायची असते. आधीच्यानं पाटीवर लिहिलेलं पुसल्याशिवाय कुणी त्यावर लिहितं का? तिनंही सुरुवातीला ती पुसायची ओळ घातली होती. मग एका वर्षी साहेबांनी सगळे प्रोग्रॅम चापूनचोपून आवळायला सांगितले, आणि काटकसर हा तर तिचा हातखंडा. ती ओळ तिच्या डोळ्यात भरली. सगळ्या टेपांचे नंबर तीन आकडी होते, तीन अंकांवर तीन अंक बसले की खालचं आपोआप झाकलं जात होतं. मग पुसायचं कशाला? तिनं ती काढून टाकली. एका ओळीची बचत. त्या संध्याकाळी ती खूश होऊन घरी गेली होती, हेही तिला आठवत होतं, आणि त्या खुशीचीच आता सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

गेल्या हिवाळ्यात दुसरं एक जुनं ऑफिस त्यांच्यात मिसळलं आणि त्याच्या टेपा आल्या. त्यांचे नंबर दोन आकडी. पहिल्या दिवशी आधी तीनशे चारचा मेसेज गेला, त्यामागून एकाहत्तरचा. सात आणि एक हे तीन आणि शून्यावर बसले, आणि तीनशे चारमधला चार, ज्याला कुणी पुसलं नव्हतं, शेजारी तसाच राहिला. भोंग्यानं खोलीच्या त्या टोकाहून वाचलं, "सातशे चौदा! चला बाई, आंघोळीला!" आणि टेप काढून पुसायला दिली. तिनं काचेतून ते ऐकलं होतं. सातशे चौदामध्ये सहा महिन्यांचे प्रयोगशाळेचे रिपोर्ट होते. कागद शिल्लक होते म्हणून निभावलं, पण अख्खं ऑफिस कित्येक आठवडे मान मोडून ते पुन्हा टाइप करत बसलं, आणि टाइप करता करता प्रत्येक जण भोंग्याच्या नावानं बोटं मोडत होता.

साहेबांनी तिलाच बघायला सांगितलं होतं, कारण प्रोग्रॅम तिचा. कन्सोलवर जे जे उमटतं त्याची नोंद मशीन काही आठवडे ठेवतं आणि मग त्याच जागेवर पुढचं लिहितं. तिनं ती नोंद त्याच दुपारी उघडली. सातशे चौदा. तो चार तिच्याकडे बघत होता. मग तिनं प्रोग्रॅमच्या आतला आकडा पाहिला, तो एकाहत्तर होता. साहेबांच्या खोलीत गेल्यावर तिनं या दोन आकड्यांपैकी एकच सांगितला. "प्रोग्रॅमनं एकाहत्तर नंबरचीच टेप मागितली होती." या वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं. ती घरी जाताना, भाजी चिरताना, दात घासताना ते वाक्य तपासून पाहायची आणि दरवेळी ते खरंच निघायचं. साहेब म्हणाले, "म्हणजे यानंच चुकीचं वाचलं." हा प्रश्न नव्हता, त्यामुळे तिनं उत्तर दिलं नाही. भोंगा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "मला तर सातशे चौदाच दिसलं हो साहेब." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, वाद घालणाऱ्या माणसासारखं नव्हे, दुकानात वजन तिसऱ्यानं बघावं म्हणून वळतात तसं. ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिली. तेव्हा तो स्वतःच हळू म्हणाला, "पण मॅडम म्हणतात तर तसंच असणार. चष्मा बदलायला झाला वाटतं."

त्याच संध्याकाळी तिनं पुसायची ओळ परत घातली, दुसऱ्या पाच-सहा किरकोळ बदलांच्या आड, कुणाला न सांगता. नोंद यथाकाळ पुसली गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिला मात्र कुणाचीच भीती वाटेनाशी झाली आणि हेच तिला भयंकर वाटायचं. भोंग्याला मशीनवरून काढून आवक-जावकला बसवलं. तिथे तो पाकिटांवरचे पत्ते शेजारच्याला दाखवून मग टाकायचा. शेजारचा वैतागला. थोड्याच दिवसांत त्यानं आपणहून मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी त्यानं भाषण केलं नाही. "काय वाचून दाखवू?" एवढंच म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली. घरी तिनं नवऱ्याला यातलं निम्मं सांगितलं होतं, म्हणजे ओळ राहिल्याचं सांगितलं, पेपरवेटचं नाही. नवरा भला माणूस, तो म्हणाला, "एक ओळ राहिली म्हणून कुणी फाशी देतं का? आणि तुझं नाव कुठे आलंय?" नाव आलं नव्हतं, खरंच. त्या दिवसापासून तिनं नवऱ्यालाही या विषयावर बोलू दिलं नाही.

आणि आता गुरुवार. स्टॉपवरची भेट सोमवार सकाळची; त्या दिवशी दिवसभर ऑफिसात तिच्यासमोर पडदा होता आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की एका चांगल्या डोळ्याला सुरी लागणार आहे. फोन करता आला असता. नंबर ऑफिसच्या यादीत होता. "दादा, तुमचे डोळे बरोबर आहेत, चूक माझी." तिनं हे मनात रचून पाहिलं आणि दरवेळी शेवटाला पोचेपर्यंत वाक्य बदलायचं. राहून गेलं. तांत्रिक दोष होता. त्या वेळी लक्षात आलं नाही. इतकी वर्षं मेसेजची वाक्यं रचण्यात गेली, पण ज्या वाक्यात ती स्वतः बसायला हवी ते वाक्य काही जमेना. मग तिच्या मनानं एक वाट काढली. नुसत्या शब्दावर तो विश्वास ठेवणार नाही, पुरावा हवा. नोंद गेली आहे, तर जुना प्रोग्रॅम पुन्हा उभा करायचा, ती ओळ काढायची, तेच दोन नंबर त्याच क्रमानं द्यायचे, आणि तीनशे चारखाली सातशे चौदा उमटलेलं कागदावर छापून त्याच्या हातात द्यायचं. हे तिला पटलं, नको तितकं पटलं. कारण तो कागद तयार होईपर्यंत तिला बोलावं लागणार नव्हतं.

मंगळवार जुनी प्रत शोधण्यात गेला. बुधवारी सकाळी प्रोग्रॅम चालला आणि तो चार, जणू कधी गेलाच नव्हता, आपल्या जागी येऊन बसला. तिला इतकं हायसं वाटलं की आता सगळं झालंच असं वाटून ती जेवायला गेली. दुपारी छापताना ओळी एकीखाली एक नीट येईनात, म्हणून तिनं त्या सरळ करण्यात वेळ घालवला. शीर्षकं घातली. कुणाला लागणार होती शीर्षकं? बुधवारी संध्याकाळी कागद घडी करून पर्समध्ये होता, सव्वीस नंबरची बस समोरून जात होती, आणि तिला वाटलं, आज ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरात गडबड असेल, माणसं असतील, त्याला उगाच ताण. उद्या सकाळी लवकर जाऊ. गुरुवारी सकाळी ती नेहमीच्या वेळी उठली, नेहमीच्या बसनं ऑफिसात गेली, आणि अकराच्या सुमारास तिच्या लक्षात आलं की आपण घड्याळाकडे बघतो आहोत ते वेळ निघून जायची वाट बघत. स्वतःची किळस येणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. तिनं जाऊन तोंड धुतलं आणि परत जागेवर येऊन बसली.

रविवारी दुपारी ती त्याच्या घरी गेली. तिसरा मजला, अरुंद जिना, दाराशी चपला ओळीत. दार त्याच्या बायकोनं, वहिनींनी उघडलं. तिनं त्यांना याआधी एकदाच, निरोपाच्या दिवशी पाहिलं होतं. बारीक, ताठ, कमी बोलणारी बाई. खोलीत खिडकीजवळ शिलाईचं मशीन, त्यावर अर्धवट शिवलेलं काहीतरी. भोंगा खुर्चीत बसला होता, उजव्या डोळ्यावर जाड पट्टी, तिच्याखाली गाल सुजून लालसर झालेला. "मॅडम! अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? पाणी दे गं, चहा टाक." तिनं डोळ्याचं विचारलं तेव्हा त्यानं हात उडवला. "जरा पिकलं आत. हजारात एखाद्याचं होतं म्हणतात, तो एखादा आम्ही. औषधं चालू आहेत. उजेड कळतो, म्हणजे कळेल असं म्हणतात. डावा आहे ना अजून, हिचा सुईदोरा तेवढा ओवून देता आला म्हणजे झालं." वहिनी चहा टाकायला आत गेल्या होत्या, पण आतून भांड्याचा आवाज येत नव्हता.

तिनं सांगितलं. वाक्य जमलं नाही, तुकडेच आले, पण या वेळी ती त्यातून निसटली नाही. ओळ मी काढली. पडद्यावर सातशे चौदाच होतं. मला त्याच दिवशी दिसलं. मी साहेबांसमोर गप्प बसले. मग तिनं कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो डाव्या डोळ्याजवळ नेला, मान तिरपी केली, बराच वेळ बघितला आणि तिला वाटलं, आता तो ओरडेल, त्या खणखणीत आवाजात, साऱ्या चाळीला ऐकू जाईल असा. तिला ते हवं होतं. तहान लागावी तसं हवं होतं.

त्यानं कागद पुन्हा घडीवर घडी करून तिच्या हातात परत ठेवला. "मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ होता की ती दचकली. "इतकं करायची काय गरज होती?"

"खरं आहे हे, दादा."

"अहो, मी तीस वर्षं तुम्हा लोकांचे मेसेज वाचले. तुम्ही मनात आणाल ते तिथे उमटतं. उद्या तुम्ही लिहाल, भोंगा राजा झाला, तर तेही छापून येईल की." तो हसला, पट्टी ओढली गेली म्हणून कळवळला, पुन्हा हसला. "माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तुम्ही सुट्टीच्या दिवशी एवढं लांब आलात. स्वतःच्या डोक्यावर घ्यायला निघालात. कोण करतं हो असं?"

"मी खोटं बोलत नाहीये."

"त्या दिवशी साहेबांसमोर तुम्ही सरळ जे होतं ते सांगितलंत. दुसरं कुणी असतं तर माझ्या अंगावर आणखी चार भानगडी ढकलून मोकळं झालं असतं. मी हिला तेव्हाच म्हटलं होतं, मॅडम होत्या म्हणून अब्रूनं सुटलो. विचारा हिला. नाही म्हटलं?"

वहिनी दारात उभ्या होत्या, हातात चहा नव्हता. "म्हणाले होते," त्या म्हणाल्या. त्यांनी पुढे येऊन तिच्या हातातला कागद घेतला, उलगडला, वरची ओळ वाचली, खालची वाचली, दोन्हींवर बोट ठेवलं. बोट चारवर आलं आणि थांबलं. मग वहिनींनी कागद घडी करून तिला परत दिला आणि म्हणाल्या, "चहा नको म्हणताय ना? चला, जिन्यात अंधार असतो, मी येते खालपर्यंत." ती नको म्हणालीच नव्हती. ती उठली.

पहिल्या वळणावर वहिनी थांबल्या. दार वर उघडंच होतं, म्हणून त्या हलक्या आवाजात बोलत होत्या. "त्याच दिवशी कळलं तुम्हाला?"

"हो."

"आणि ऑपरेशनचं?"

"सोमवारी. स्टॉपवर भेटले होते."

"सोमवारी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कठड्यावर हात ठेवला होता आणि त्या हाताचं हाडन् हाड दिसत होतं. "मी त्यांना रात्रंदिवस सांगत होते, अहो, नका कापू, दिसतंय तुम्हाला, सुई ओवताय ना? माझं ऐकलं नाही. तुमचं ऐकलं असतं." तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण जे तोंडाशी आलं ते सगळंच स्वतःसाठी होतं. वहिनी पुढे म्हणाल्या, "आता त्यांना पटवायला येऊ नका. दोनदा सांगितलंत, तिसऱ्यांदा पटेल. आज डोळा गेला तो खराब होता म्हणून गेला, असं म्हणून ते जेवतात तरी. चांगला होता, हे कळलं तर काय करतील ते? सांगा ना. तुम्ही शिकलेल्या आहात." इतके दिवस जे गप्प बसणं तिला जाळत होतं तेच आता ही बाई तिच्याकडे हात पसरून मागत होती, आणि नाही म्हणायचा हक्क तिनं बुधवारीच गमावला होता. "डाव्याचं मी बघून घेईन," वहिनी म्हणाल्या. "तो नाही कापू देणार. तुम्ही मात्र यायचं नाही."

"नाही येणार," ती म्हणाली.

वहिनी वर गेल्या. ती वळणावरच थांबली. हातातला कागद तिनं मुठीत चुरगळला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि मग त्याचा आवाज, मोकळा, भरदार, जिन्यातून खालपर्यंत आला.

"गेल्या का गं मॅडम?"

"गेल्या."

"देवमाणूस आहे बघ. असं माणूस मिळत नाही हल्ली. मिळतं का?"

ती कठड्याला धरून उभी होती.

"नाही मिळत," वहिनी म्हणाल्या, आणि दार लागलं.